विश्लेषण : नर्सनं नर्सला केलेली मदत लहान, पण कामाची, पण नर्स पळवायचा हिशोब कोण देणार?

परदेशी मदतीचा मोठा नळ गेल्या वर्षी बंद झाला. अमेरिकेची यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ ला संपली. ब्रिटनही २०२७ पर्यंत आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणणार आहे. आफ्रिकेतल्या खेड्यातल्या दवाखान्यांना याचा फटका बसतोय. अशा वेळी एका वेगळ्या मदतीकडं बघायला पाहिजे. एका देशातल्या नर्स दुसऱ्या देशातल्या नर्सबरोबर मिळून, थोड्याशा अनुदानावर चालवतात ती कामं.

वेल्सचं उदाहरण घेऊ. वेल्स म्हणजे ब्रिटनचाच एक भाग. लोकसंख्या साधारण ३१ लाख, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याएवढी. २००५ मध्ये तिथल्या अँजेला गॉर्मन नावाच्या सिस्टरनं बीबीसीवर एक माहितीपट बघितला. चाड देशात बाळंतपणात बाया कशा मरतात ते त्यात दाखवलं होतं. दवाखाना होता, डॉक्टर होत्या, पण साधी औषधं नव्हती. गॉर्मन स्वतः नवजात बाळांच्या वॉर्डात काम करायच्या. त्यांनी संस्था काढली, औषधं पाठवायला सुरुवात केली. पुढं वेल्समधल्या मिडवाईफ, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित नर्स, लायबेरिया आणि सिएरा लिओनला जाऊन तिथल्या सिस्टरना शिकवू लागल्या.

औषधं कोणती, तर दोन. एक मॅग्नेशियम सल्फेट, ज्याला आपल्या सिस्टर 'मॅगसल्फ' म्हणतात. गरोदरपणात बीपी वाढून झटके येतात, त्यावरचं हे इंजेक्शन. २००२ मध्ये ३३ देशांतल्या १० हजारांवर बायांवर झालेल्या अभ्यासात यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. दुसरं मिसोप्रोस्टॉल, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायची गोळी. रक्तस्रावावरचं ऑक्सिटोसिन इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, या गोळीला फ्रीज लागत नाही. ज्या गावात लाईटच टिकत नाही तिथं हा फरक केवढा, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडंही बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी मॅगसल्फचा पहिला डोस एएनएम सिस्टरनं द्यायची सरकारी मुभा आहे.

आता यात पैसा किती लागतो? वेल्स सरकार २००६ पासून आफ्रिकेसाठी एक कार्यक्रम चालवतं, त्याचं आताचं नाव 'वेल्स अँड आफ्रिका'. त्यातून अशा जोडीच्या कामांना काही हजार पौंडांची छोटी अनुदानं मिळतात. एवढ्यात इमारत उभी राहत नाही, आणि तेच बरं. इमारतीला कुलूप लागतं. शिकलेली सिस्टर मात्र रात्री दोन वाजता आलेल्या बाईला कुठलं इंजेक्शन किती द्यायचं ते जाणते, आणि शेजारच्या पोरीलाही शिकवते. शिवाय नर्सला नर्सच शिकवते तेव्हा संकोच राहत नाही. मोठ्या साहेबांपुढं "मला हे येत नाही" म्हणायला जीभ रेटत नाही, बरोबरीच्या बाईपुढं रेटते.

पण एक खोट आहे. शिकवलेली नर्स त्या दवाखान्यात राहिली तरच याचा उपयोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या मे २०२५ च्या अहवालाप्रमाणं जगात २ कोटी ९८ लाख नर्स आहेत आणि २०२३ साली ५८ लाख कमी पडत होत्या. आहेत त्यातल्या ७८ टक्के नर्स ज्या देशांत काम करतात, तिथं जगाची निम्मी लोकसंख्याही राहत नाही. श्रीमंत देशांत तर जवळपास दर चौथी नर्स परदेशात जन्मलेली आहे. म्हणजे एका हातानं अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या हातानं तयार माणूस न्यायचं. संघटनेनं २०२३ मध्ये ५५ देशांची यादी काढली, तिथून ठरवून नर्स-डॉक्टर ओढून नेऊ नका म्हणून. लायबेरिया, सिएरा लिओन, चाड तिन्ही त्यात आहेत.

भारत त्या यादीत नाही. म्हणून श्रीमंत देशांची नजर आता इकडं आहे. याच वेल्सनं १ मार्च २०२४ ला केरळ सरकारबरोबर करार करून २५० आरोग्य कर्मचारी घ्यायचं ठरवलं. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ मध्ये, महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. कुशल मनुष्यबळ पाठवायचं, त्यात नर्सही आल्या. पोरींना जर्मन भाषा शिकवायचा खर्च आपलं राज्य उचलणार. शेतकऱ्याच्या पोरीला परदेशात चांगला पगार मिळत असेल तर तिला कोण अडवणार? अडवूही नये. पण बियाणं आपलं, खत आपलं, पाणी आपलं आणि माल त्यांच्या खळ्यावर, असा हा सौदा आहे. तिच्या नर्सिंग शिक्षणाचा आणि भाषेचा खर्च इकडं झाला, तर बदल्यात तिकडच्या नर्सनी आपल्या ग्रामीण रुग्णालयात येऊन शिकवावं, गेलेल्या पोरींनी सुट्टीत येऊन शिकवावं, एवढं तरी मागायला काय हरकत आहे?

तशी छोटी मदत इकडं येणं सोपं नाही, हेही लक्षात घ्या. परदेशी पैसा घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते. त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात किमान १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर पुण्या-मुंबईतल्या मोठ्या संस्थेला आलेला परदेशी निधी गावातल्या छोट्या संस्थेला पुढं देता येत नाही. नोंदणी नसेल तर ठराविक कामापुरती केंद्राची पूर्वपरवानगी काढावी लागते. पैशाच्या गैरवापराला आळा बसावा हे खरं, पण दोन-चार लाखांच्या कामासाठी गावातली संस्था एवढे कागद कधी रंगवणार? माणूस येऊन शिकवून गेला तर मात्र संस्थेच्या खात्यात पैसा यावाच लागत नाही. म्हणून जर्मनीच्या करारात मागायचंच असेल तर निधीपेक्षा शिकवणाऱ्या सिस्टर मागाव्यात. आमदार गावात आले की हा विषय त्यांच्यापुढं काढता येईल.