गॅलरीतला मलंगगड

आमचा भाचा अमेरिकेत असतो. गेल्या हिवाळ्यात स्वारी डोंबिवलीस आली, ती चहाचा कप हाती येण्याआधीच लॅपटॉप उघडून बसली. युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर मॉन्युमेंट व्हॅली नावाचा वाळवंटी मुलूख आहे. तिथे छायाचित्रणाच्या शिबिराला तो जाऊन आला होता. पाच दिवस पहाटे चारला उठायचे, ट्रायपॉड खांद्यावर टाकायचा आणि थंडीत कुडकुडत उन्हाची वाट पाहायची! त्यासाठी मोजलेले पैसे ऐकून आमच्या सौ.च्या हातातली बशी वाजली.

फोटो मात्र डोळ्यांचे पारणे फेडणारे. तांबड्या सपाटीवर एकटेदुकटे उभे वालुकाश्माचे प्रचंड कडे! खालचा मऊ खडक झिजला, वरचा ढासळत गेला, त्यातून उरले ते हे. मुलूख नाव्हाहो लोकांचा. १९५८ पासून त्यांनीच तो उद्यान म्हणून राखला आहे.

“पण शिबिरात शिकवतात काय?” मी विचारले.

“केव्हा थांबायचं आणि केव्हा थांबायचं नाही, ते!” असे म्हणून त्याने ॲन्सेल ॲडम्सची हकिकत सांगितली. १९४१ साली हा छायाचित्रकार न्यू मेक्सिकोतून मोटारीने परतत होता. हर्नांडेझ गावावर चंद्र वर आलेला आणि मावळतीचे ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलेले. घाईने कॅमेरा लावला, तर प्रकाश मोजायचे मीटर सापडेना! पण चंद्राचे तेज किती, हे त्याला पाठ होते. त्यावरून हिशेब करून त्याने एक फोटो घेतला. दुसरा घेणार तोच क्रुसांवरचे ऊन गेले. तो एकच फोटो जगभर गाजला.

एवढ्यात सौ. म्हणाली, “अरे, हा कडा तर थेट आपल्या मलंगगडासारखा!”

सगळे गॅलरीत धावलो. समोर नव्या इमारतीची भिंत. दोन वर्षांपूर्वीच ती उठली होती. गड गेल्याचे आम्हाला त्या दिवशी उमगले.

याच गॅलरीत वडील रोज सकाळी खुर्ची टाकून बसत. “मलंगावर ढग टेकलेत, छत्री घेऊन जा,” हा त्यांचा हवामानाचा अंदाज सहसा चुकत नसे. त्या रात्री आम्ही सगळे आल्बम उपसले. मुंज, बारसे, म्हैसूरचा राजवाडा, सारे होते. गड कुठेच नव्हता. फक्त एका फोटोत वडील खुर्चीत बसून दूर काहीतरी पाहत आहेत. काय पाहत आहेत, ते चौकटीबाहेर राहिले.

दुसऱ्या दिवशी मामा-भाचे कल्याणहून मलंगच्या रस्त्याला लागलो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा खडक. डोंबिवलीकरांना तो आग्नेयेला, म्हणून हिवाळ्यात सकाळी सूर्य त्याच्या मागच्या अंगाला असतो आणि गड काळा दिसतो. संध्याकाळी मात्र ऊन त्याच्या तोंडावर येते. बालेकिल्ला तांबूस होईतो आम्ही थांबलो. भाच्याने फोटो घेतला, आज तो वडिलांच्या तसबिरीशेजारी आहे.

तर वाचकहो, यंदा आकाशकंदील लावायला गॅलरीत जाल, तेव्हा समोर जे दिसते आहे त्याचा एक फोटो काढून ठेवा. डोंगर असो, खाडी असो, नाहीतर शेजारचे आंब्याचे झाड. त्याला शिबिराची फी पडत नाही.