शिक्का कुणाच्या घामावर?

परवा विश्रामबागेत एका दोस्तानं कॉफी पाजली. मी गोदीत पोती उचलणारा, सुट्टीला घरी आलेला. एका कपाची किंमत माझ्या दोन वेळच्या जेवणाइतकी. दोस्त म्हणाला, "पाकिटावरचा शिक्का बघ. फेअर ट्रेड. ही कॉफी कुणाला लुबाडून आलेली नाही."

मला आज्याची कपबशी आठवली. हॉटेलाबाहेर वळचणीला ठेवलेली, कान तुटलेली. पिऊन झाली की त्यानंच विसळायची. मालक तेव्हाही म्हणायचा, चहा सगळ्यांना सारखाच!

दोस्तांनो, शिक्का खोटा आहे असं मी म्हणत नाही. १९८८ साली हॉलंडात तो 'मॅक्स हॅवेलार' नावानं निघाला, मेक्सिकोतल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या कॉफीवर. बाजार कोसळला तरी ठरल्या भावाखाली माल घ्यायचा नाही, हा त्याचा नियम. चांगलाय. पण भाव मिळतो कुणाला? ज्याच्या नावावर झाड आहे त्याला. ज्याला सातबाराच नाही त्या तोडणाऱ्या हाताचं काय? लंडनच्या सोआस संस्थेच्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडातल्या मजुरांना जाऊन विचारलं. २०१४ साली अहवाल आला. शिक्क्याच्या भागातल्या मजुराची रोजी कित्येकदा बाहेरच्यापेक्षा कमीच निघाली.

आता त्या कपात साखर घाला. ती लांबची नाही, आपल्याच सांगली-साताऱ्याच्या फडातली. तिथं बीडहून नवरा-बायको येतात, त्या जोडीला म्हणतात 'कोयता'. माणूस न्हाई, कोयता! मुकादमाची उचल अंगावर. दिवस बुडाला की खाडा, तो उचलीत चढतो. पाळीपायी खाडा पडू नये म्हणून बाया पिशवीच काढून टाकतात. २०१९ साली सरकारी समितीनं बीडमधल्या ८२,३०९ तोडणी बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यात आपल्या आयाबहिणी आहेत. आणि २०२४ साली न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं, महाराष्ट्रातल्या शिक्का मिळालेल्या साखरेमागंही हीच वेठ आहे.

म्हणजे शिक्का गिऱ्हाइकाच्या मनाला झोप देतो. फडातल्या बाईला देत नाही.

गिऱ्हाइकाच्या दयेवर मजुरी वाढत नसते. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, तो संघटनांनी कोयता खाली ठेवायची भाषा केली म्हणून. १९६९ चा माथाडी कायदाही हमालांनी एकजुटीनं लढून मिळवला. पाठीवरच्या पोत्याला बोलतं करावं लागतं, भावांनो.

कॉफी प्या, खुशाल प्या. आपल्या बापजाद्यांना आत बसून प्यायला मिळाली नाही. पण पाकीट उलटं करून विचारा, शेतकऱ्याचा भाव कळला, तोडणारणीची रोजी किती? खाडा कुणी लावला? उत्तर आलं नाही तर पाकीट तिथंच ठेवा आणि फडावर चला.

आज्याची ती कपबशी मालकाच्या दयेनं गेली नव्हती. आज्यानं ती एक दिवस त्याच्याच दारात दगडावर फोडली.