पोर क्लबाचे, जोखीम बापाची

पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि सहा महिन्यांचे श्रम आगाऊ गहाण टाकून कारखान्याची वाट धरतो. या व्यवहाराला शोषण म्हणताना कोणाही पुरोगामी माणसाची जीभ अडखळत नाही. पण त्याच मजुराचा तेरा वर्षांचा मुलगा पुण्याच्या एखाद्या व्यावसायिक फुटबॉल क्लबाच्या निवड चाचणीत उतरला आणि अकादमीत घेतला गेला, तर गावात अभिनंदनाचे फलक लागतात. वस्तुतः पहिल्या व्यवहारात निदान उचलीची रक्कम हाती पडते. दुसऱ्यात बाप पोर देतो आणि बदल्यात आश्वासन घेतो.

अकादमीचे अर्थशास्त्र सरळ आहे. अनेक मुले घ्यायची, दरवर्षी चाळायची आणि उरलेल्या दोघा-चौघांशी करार करायचा. यशस्वी खेळाडूची किंमत क्लबाच्या खात्यात जमा होते. गाळलेल्या मुलाचे बुडालेले शिक्षण आणि मोडलेले मन कुटुंबाच्या खाती नावे पडते. त्याला आधी वाढवणारी आई आणि शाळेच्या मैदानावर पदरमोड करून शिकवणारा क्रीडाशिक्षक यांची तर कुठल्याच खात्यात नोंद नसते. खर्च समाजाचा आणि नफा खाजगी, हे भांडवलशाहीचे जुने सूत्र येथे पायात बूट घालून धावते आहे.

कायद्याच्या दृष्टीने हे मूल कोठे उभे आहे? 1872 च्या करार कायद्यानुसार अज्ञानास करार करता येत नाही, आणि असा करार मुळातच शून्य होय, असा निर्वाळा प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये दिला. म्हणून सही पालकाची घेतली जाते. मूल कसोटीला उतरले नाही तर काय, हे बापाला ठाऊक असते. पण क्लबच बुडाला तर काय, हे विचारण्याचे बळ त्या घटकेला त्याच्यात नसते.

हा प्रश्न काल्पनिक नाही. नगरच्या मुलाला सर्वांत जवळचे मोठे मैदान पुण्याचे. तेथे 2007 मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. 2015 नंतर तो राहिला नाही, त्याची अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. डीएसके शिवाजियन्सने लिव्हरपूलच्या नावाशी नाते जोडून अकादमी थाटली. 2017 मध्ये प्रवर्तक बांधकाम समूह ठेवीदारांच्या देण्यात बुडाला, तसा क्लबही आय-लीगमधून गेला. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या क्लबाने घेतली. बारा वर्षांत तीन दुकाने उघडली आणि मिटली. त्यांतील एकही मुलांच्या खेळामुळे मिटले नाही. मालकांच्या हिशेबामुळे मिटले.

यावर ठरीव उत्तर असे की, भांडवलदार नसता तर एवढीही संधी मिळाली नसती. केरळचा आशिक कुरुनियन पुण्याच्या अकादमीतून भारताच्या संघापर्यंत पोहोचला, हे खरेच आहे. पण एकाच्या यशाने शंभरांच्या असुरक्षिततेचे समर्थन होत असेल, तर लॉटरीलाही रोजगार योजना म्हणावे लागेल.

अन्य देशांत भांडवलाला वेसण घातलेली आहे. जर्मनीत 2001 पासून अकादमी चालवणे ही अव्वल श्रेणीच्या क्लबाच्या परवान्याचीच अट आहे, आणि क्लबातील बहुमत सामान्यतः सभासदांच्या हाती राहावे असा तेथे नियम आहे. फिफाच्या नियमानुसार खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या रकमेतील 5 टक्के वाटा त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. मात्र तो नोंदणीकृत क्लबांसाठी आहे. तालुक्याच्या शाळेचा तेथे पत्ता नाही.

आणि सहकाराचा धडा या जिल्ह्याला कोणी जर्मनीहून आणून द्यायला नको. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरचा कारखाना उभा केला, तो ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक असावा या विचारावर. पुढे घराण्यांनी सहकाराचे काय केले, हे जिल्ह्याने पाहिले आहे. तथापि विचार खोटा ठरला नाही, त्याची राखण करणारे कमी पडले. खेळाडू, पालक, शिक्षक व प्रेक्षक सभासद असलेला क्लब जिल्ह्यात उभा राहू शकत नाही, असे कोण म्हणेल?

तोवर तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. अकादमी काढणाऱ्याने प्रत्येक मुलाच्या शालान्त शिक्षणाचा खर्च शासनाकडे आगाऊ अनामत ठेवावा. पालकाची सही मराठी मसुद्यावर, क्लबाशी संबंध नसलेल्या वकिलाच्या समक्ष व्हावी. आणि देशांतर्गत हस्तांतरणातही मुलाला प्रथम घडवणाऱ्या शाळेला हक्काचा वाटा मिळावा.

ऊसतोड मजुरांच्या हक्कासाठी लढणाऱ्या चळवळीने त्यांच्या मुलांचा हा नवा मुकादमही ओळखला पाहिजे. तो कोयता देत नाही, चेंडू देतो; एवढाच काय तो फरक.