भास, भ्रम आणि सोंग : शब्द सारखे, आजार वेगळे

शब्दकोशात ‘आभास’ शब्द काढून पाहिला तर पुढे एक रांगच दिसते : भास, भ्रम, मृगजळ, देखावा, सोंग, ढोंग. जे खरे नाही पण खरे वाटते, ते सारे एका ओळीत. शब्दकोशापुरते हे ठीक आहे. पण रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक जेव्हा एवढेच म्हणतात की “डॉक्टर, बाबांना भास होतात”, तेव्हा डॉक्टरच्या हाती जवळपास काहीच लागत नाही. कारण यातल्या प्रत्येक शब्दामागे वेगळी कारणे, वेगळ्या तपासण्या आणि वेगळे उपचार असतात.

‘भास’ या शब्दाच्या मुळाशी चमकणे, दिसणे हा अर्थ आहे. त्यात मुळात खोटेपणा नाही. ‘भ्रम’ म्हणजे फिरणे. भ्रमण शब्द त्याच धातूचा. आयुर्वेदात तर भ्रम हा शब्द चक्कर येणे या अर्थानेही येतो. म्हणजे शब्द एकच, पण एकाचा रोख डोक्यात भरलेल्या कल्पनेकडे असतो आणि दुसऱ्याचा गरगरण्याकडे.

वैद्यकशास्त्रात यातले तीन प्रकार काटेकोरपणे वेगळे केले जातात.

१. वस्तू आहे, पण वेगळीच दिसते. अंधारात दोरी साप वाटणे हे वेदान्तातले जुने उदाहरण. खुंटीवरचा सदरा रात्री माणसासारखा दिसणे हेही तेच. हे निरोगी माणसालाही होते.

२. वस्तू नाहीच, तरी दिसते किंवा ऐकू येते. खोलीत कोणी नसताना आवाज येणे, कोपऱ्यात मुले बसलेली दिसणे. पहिल्या आणि या दुसऱ्या प्रकारातला फरक एस्किरोल या फ्रेंच डॉक्टरांनी १८३८ च्या आपल्या ग्रंथात स्पष्टपणे मांडला.

३. दिसत काही नाही, पण समजूत पक्की. “सून जेवणात विष घालते.” कितीही पुरावे दिले तरी ती हलत नाही.

मृगजळ यात कुठेच बसत नाही. तापलेल्या रस्त्यावर दिसणारे ‘पाणी’ कॅमेऱ्याच्या फोटोतही येते, कारण तिथे प्रकाशच वाकलेला असतो. मनाचा दोष नसतो. तसेच काही डोळ्यांच्या आजारांचे आहे. दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे हे काचबिंदूचे लक्षण असू शकते. डोळ्यांपुढे अचानक खूप काळे ठिपके आणि विजेसारखी चमक दिसू लागली, तर तो दृष्टिपटल सुटण्याचा इशारा असू शकतो. त्याला ‘भास’ म्हणून घरी बसलात तर दृष्टी जाऊ शकते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

हा फरक का महत्त्वाचा, ते आणखी काही उदाहरणांनी पाहू.

पंचाहत्तरीच्या आजी परवापर्यंत ठीक होत्या. दोन दिवसांपासून असंबद्ध बोलतात, संध्याकाळी जास्त, मध्येच अगदी नीट. याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, साखर कमी होणे, नवीन सुरू केलेली एखादी गोळी किंवा रक्तातले सोडियम उतरणे, यांपैकी काहीही असू शकते. सोडियम साधारण १३५ ते १४५ च्या दरम्यान असावे लागते. कारण सापडले आणि उपचार वेळेवर झाले तर बहुतेक वेळा माणूस पूर्ववत होतो.

रोज भरपूर दारू पिणारा माणूस हाड मोडून रुग्णालयात दाखल होतो. दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसू लागतात. दारू एकदम बंद झाल्याचा हा परिणाम जिवावर बेतू शकतो. म्हणून पिण्याची सवय डॉक्टरांपासून लपवू नये.

दृष्टी फार अधू झालेल्या काही वृद्धांना माणसे, फुले, नक्षी दिसते. ते खरे नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते. चार्ल्स बॉनेट या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत याचे वर्णन केले. हे वेड नव्हे. पण लोक वेड्यात काढतील या भीतीने अनेक जण बोलतच नाहीत.

आणि जोडीदार गेल्यावर काही दिवस त्याची हाक ऐकू येणे, चाहूल लागणे, हे तर दुःखाचेच एक रूप आहे. त्याला ना गोळी लागते, ना अंगारा.

आता त्या रांगेतल्या शेवटच्या शब्दांबद्दल. माझ्या मते सर्वाधिक नुकसान ‘सोंग’ आणि ‘नाटक’ या शब्दांनी होते. मुलीला झटके येतात, ई.ई.जी. आणि एम.आर.आय. नॉर्मल येतात, आणि घरचे निकाल देतात : “नाटक करते.” खेदाची गोष्ट म्हणजे काही वेळा वॉर्डातही हेच बोलले जाते. सोंग म्हणजे जाणूनबुजून घेतलेले रूप. मनावरच्या ताणाशी निगडित असे झटके रुग्ण मुद्दाम आणत नाही. ते त्याच्या ताब्यात नसतात, आणि त्यांवर मानसोपचार उपलब्ध आहेत. रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ ‘त्या तपासणीत दोष दिसला नाही’ एवढाच. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायात कळा येतात. तो पाय आभासी असेल, कळ मात्र खरीच असते.

म्हणून सांगणे एवढेच, की शब्द शोधू नका, वर्णन करा. दिसते की ऐकू येते की नुसती समजूत आहे? कधीपासून, अचानक की हळूहळू? दिवसा की रात्री? ते खरे नाही हे रुग्णाला कळते का? ताप, डोक्याला मार, दारू, नवे औषध? चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. घरी रुग्णाशी वाद घालू नका, त्याच्या हो ला होही करू नका. “मला दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटते हे कळते,” इतके पुरे. आवाज ऐकू येत असतील किंवा संशय पक्का झाला असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. उतरलेल्या सोडियमचेही आणता येत नाही. तेव्हा ‘भास’, ‘बाधा’ किंवा ‘नाटक’ असा शिक्का मारण्याआधी एकदा तपासून घ्या.