काचेचे वजन सोन्यात नको

तुळशीचे लग्न लागले, कापसाचा पहिला वेचा विकला गेला, की घाटंजीच्या सराफ्यात पोतीचे गिऱ्हाईक सुरू होते. यंदा त्याआधीच घाटंजी-पांढरकवडा भागातल्या वाचकांची पत्रे या मासिकाकडे आली. तक्रार सगळ्यांची एकच. मोडीला आलेल्या पोतीतले मणी काढले की वजन जुन्या बिलाशी जुळत नाही, आणि गिऱ्हाइकाचे बोल ऐकावे लागतात ते मोड घेणाऱ्याला.

बारीक काळ्या मण्यांच्या गरसोळीत हा फरक फारसा जाणवत नसे. आता डोरल्याच्या दोन्ही बाजूंना बनारसचे लॅम्पवर्क मणी घालायची पद्धत आली आहे. आठ मिलिमीटरचा भरीव गोल मणी साधारण ०.६ ग्रॅम भरतो. चार मणी घातले की जवळपास अडीच ग्रॅम काच झाली. सोने तोळ्याला लाखाच्या वर असताना बावीस कॅरेटच्या भावाने ही काच वीस हजारांहून अधिक किमतीला विकली जाते. याला चूक म्हणता येणार नाही. ही लूट आहे.

नियमात पळवाट नाही. हॉलमार्क दागिन्याच्या बिलावर मौल्यवान धातूचे निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचे शुल्क वेगळे दाखवायचे आहे. तरीही कित्येक बिलांवर ‘पोत, मण्यांसह’ एवढेच लिहून एकूण वजन टाकलेले असते.

तपासणीची तऱ्हा त्याहून वाईट. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडीशिवाय हॉलमार्क दागिना विकता येत नाही, म्हणून अधिकारी भिंग लावून वाटीवरचा शिक्का पाहतात. वैधमापनवाले काट्याची वार्षिक पडताळणी करून जातात. त्या काट्यावर सोन्यासोबत काय तोलले गेले, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. शिक्का उमटतो वाटीवर आणि पोत गाठवली जाते त्यानंतर, पटव्याकडे. मणी फुटून पोत पुन्हा गाठवली की एकूण वजन पुन्हा बदलते. या गाठवणीची नोंद कागदोपत्री कुठेच होत नाही. भारतीय मानक ब्युरोने बिलात मणी-खड्यांच्या वजनाचा स्वतंत्र रकाना सक्तीचा करावा, म्हणजे हा वाद दुकानातच मिटेल.

पण ब्युरोची वाट पाहत बसायचे कारण नाही. मणी आधी तोला, त्यांची किंमत नगावर लावा. हाताने ज्योतीवर केलेल्या मण्याला स्वतःचे मोल आहे. विदर्भातल्या कौंडिण्यपूरचे उत्खनन करणाऱ्या डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी भारतीय काचेच्या इतिहासावर अख्खा ग्रंथ लिहिला, तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच विदर्भात आपण काचेला सोन्याची भर म्हणून वापरतो!

नगावर किंमत लावायची तर माल पारखूनच घ्यावा लागेल. मणी उजेडासमोर धरून आत तडा आहे का पाहावा. भोकाच्या कडेवर नख फिरवावे, धारदार कड महिनाभरात धागा कापते. भोकात सळईवरच्या लेपाची पांढरी भुकटी राहिली असेल तर ती ओलसर करून घासून काढावी, कोरडी उडवू नये. दोन जातींच्या काचा जोडलेला किंवा भट्टीत सावकाश न निववलेला मणी दुकानात शाबूत दिसतो आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात फुटतो. म्हणून व्यापाऱ्याला मणी कसे निववले ते विचारा. उत्तर टाळणाऱ्याचा माल परत करा.

आणि कारागिरांनो, डाक द्यायच्या आधी मणी उतरवा. दहा मिनिटे वाचवायला मण्यांशेजारी ज्योत धरणारे अजून आपल्यात आहेत. तेजाबातही मण्यांसह पोत बुडवू नका. रिठ्याच्या कढत पाण्यातून काढलेली पोत थेट गार पाण्यात टाकू नका, काच तडकते. तडा गेलेला मणी अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टिकत नाही.

लग्नसराई तोंडावर आहे. बिलबुके छापायला टाकण्याआधी ‘सोने निव्वळ’, ‘मणी वजन’, ‘मणी नग व दर’ आणि ‘गाठवणी’ असे चार रकाने घालून घ्या. जुनी बुके उरली असतील तर त्यावर रबरी शिक्का मारा, पण या हंगामापासून मारा.