बंड कोणाचे, किंमत कोणाची?

खडकी बाजारामागच्या वस्तीत आमच्या गटाची एक खोली आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी तिथे सिनेमा असतो. बारावी होऊन बाहेर पडलेल्या, कोणी दुकानात, कोणी पार्लरमध्ये, कोणी शिवणकामाला लागलेल्या पंधरा-वीस मुली येतात. त्यांच्या आयाही येतात. सिनेमा संपला की चहा होतो आणि मग तासभर बोलणे. मध्यंतरी मुलींनी 'शैतान' मागितला. बिजॉय नम्बियार यांनी दिग्दर्शित केलेला, २०११ सालचा. लावला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुंबईतल्या पाच तरुण मुलामुलींची टोळी. मध्यभागी एमी, श्रीमंत घरातली, घराशी पटत नसलेली मुलगी. दारू, नशा, मध्यरात्री मोठ्या गाडीची शर्यत. त्या शर्यतीत स्कूटरवरचे दोघे चिरडून मरतात. एक पोलीस अधिकारी प्रकरण मिटवायला पंचवीस लाख मागतो. पैसे उभे करायला ही पोरे एमीच्याच अपहरणाचे नाटक रचतात, आणि तिथून सगळे हाताबाहेर जाते. सिनेमा थरारपट म्हणून गाजला, पण त्यातले पुष्कळसे हसू काळे आहे. आमच्या मुलीही हसल्या, मीही हसले.

संपल्यावर मी विचारले, "स्कूटरवरचे जे दोघे मेले, ते कोण होते?" कोणालाच सांगता येईना. पाचही पोरांची नावे तोंडपाठ होती. मग एक मावशी बोलल्या. वीस वर्षे कल्याणीनगरच्या बंगल्यांमध्ये धुणीभांडी करतात. म्हणाल्या, "ताई, तुम्ही मगापासून बंडखोर बंडखोर म्हणताय. ह्या पोरांना घरात कुणी नाय म्हणलं होतं का? नाय म्हणणारंच कुणी नसलं तर बंड कुणाशी?"

मावशींच्या ह्या प्रश्नामुळे हा लेख लिहायला बसले आहे.

श्रीमंत घरातल्या बिथरलेल्या पोराचा काळा विनोद हा जगभरच्या सिनेमातला ठरलेला साचा आहे. २००२ साली 'इग्बी गोज डाउन' नावाचा अमेरिकन सिनेमा आला. सतरा वर्षांचा मुलगा, एकामागून एक शाळांमधून हाकललेला, शेवटी न्यूयॉर्कला पळून जातो. वडील मनोरुग्ण, आई थंड, कडवट, आणि कर्करोगाने मरणारी. तिच्या मरणाचाही विनोद होतो. त्याला भेटणाऱ्या बायकांपैकी एकीला त्याच्या श्रीमंत धर्मपित्याने ठेवलेले असते आणि वापरून झाल्यावर टाकून दिलेले असते. सिनेमा हुशार आहे, संवाद धारदार आहेत, हे मी नाकारत नाही. पण कॅमेरा कोणाच्या दुःखापाशी थांबतो ते पाहा. तो मुलाचा तळमळणारा जीव जाणून घेतो. ठेवलेली बाई त्याच्या मोठे होण्याची एक पायरी, आणि आई त्याच्या बिघडण्याचे कारण. 'शैतान'मध्ये नायिका मुलगी असूनही साचा मोडत नाही. एमीच्या वागण्याचा उगम कुठे, तर मनोरुग्णालयात पडलेल्या आईत. पोर बिघडले की आई सापडतेच.

हे सिनेमापुरते असते तर मी एवढे लिहिले नसते. पण १९ मे २०२४ च्या पहाटे आपल्याच शहरात, आमच्या खडकीहून येरवडा ओलांडले की लागणाऱ्या कल्याणीनगरमध्ये, हाच सिनेमा रस्त्यावर घडला.

तपशील आठवावेत म्हणून पुन्हा मांडते. वेळ पहाटे अडीचच्या सुमाराची. सतरा वर्षांचा मुलगा, बांधकाम व्यावसायिकाच्या घरातला. कोट्यवधींची पोर्शे गाडी, जिची नोंदणी १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे अडून राहिली होती. महाराष्ट्रात मद्य पिण्याचे कायदेशीर वय २५, सौम्य बिअरसाठी २१. तरी पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे मुलाच्या त्या रात्रीच्या पहिल्याच पबमधले बिल ४८ हजारांचे. मोटारसायकलवरचे दोघे ठार झाले. एक तरुण, एक तरुणी, दोघेही चोवीस वर्षांचे, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी इथे आलेले संगणक अभियंते. बालन्याय मंडळाने काही तासांत मुलाला जामीन दिला. अटी अशा, की पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करायचे, व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन घ्यायचे आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा.

निबंधावर देश हसला. चित्रे निघाली, विनोद झाले, स्पर्धा लागल्या. मीही दोन-चार विनोद पुढे पाठवले, लपवत नाही. पण त्या हसण्यात आपण काय केले? एका आदेशाची टिंगल करून राग जिरवला आणि बाकीचे विसरलो. मी घरकामगार बायकांच्या बैठकीत गेले तेव्हा तिथे कोणी हसत नव्हते. तिथे प्रश्न होता, "आमच्या पोराने केलं असतं तर?" आणि बैठकीबाहेर, सुशिक्षित घरांमध्ये, माझ्या कानावर दुसराच प्रश्न आला, "पण ती मुलगी रात्री अडीच वाजता बाहेर काय करत होती?" मरण पावलेल्या मुलीला तिच्या वेळेचा जाब द्यावा लागतो. गाडीत बसलेल्या मुलाच्या वेळेचा हिशेब त्या घरांत कोणी मागितला नाही.

आता आईकडे येते. मुलाच्या रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात बदलला गेला आणि त्या जागी आईचे रक्त ठेवले गेले, असा पोलिसांचा आरोप आहे. डॉक्टरांना अटक झाली, वडिलांना झाली, आजोबांना झाली, आईलाही झाली. आरोप खरे की खोटे हे ठरवणे न्यायालयाचे काम. खरे असतील तर ती आई गुन्हेगार आहे आणि बाईपणाची सवलत मी तिच्यासाठी मागणार नाही. दोन घरांतल्या आयांनी आपली लेकरे गमावली आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या दिवसांत लोकलमध्ये, रिक्षात, कार्यालयात मी जे ऐकले ते असे: "आईने लाडावून ठेवले", "आईला क्लबातून वेळ कुठे", "संस्कार नाहीत". गाडी कोणाच्या पैशाची? पबचे बिल कोणाच्या पैशातून? सगळे काही विकत घेता येते ही शिकवण त्या घरात कोणाच्या धंद्यातून आली? हे प्रश्न कोणी 'संस्कार' ह्या शब्दाखाली घेत नाही. पुरुषसत्तेत पैसा बापाचा असतो आणि पोराचे बिघडणे आईचे. पुढे २५ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने मुलाच्या सुटकेचा आदेश दिला तेव्हा ताबा कोणाकडे गेला? आत्याकडे. निस्तरायला पुन्हा एक बाईच.

ह्या सगळ्या प्रकरणात मला एकच बंड दिसते आणि त्यावर कोणी सिनेमा काढलेला नाही. पोलिसांनी सांगितले ते असे: अपघातानंतर घरच्या ड्रायव्हरला कुटुंबाच्या बंगल्यावर नेले, त्याचा मोबाइल काढून घेतला, 'गाडी मीच चालवत होतो' असे सांग म्हणून आमिष दाखवले, धमकावले, डांबून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याची बायको तिथे जाऊन पोचली आणि नवऱ्याला सोडवून घेऊन आली. मैत्रिणींनो, मालकाच्या बंगल्याच्या फाटकाशी उभे राहून 'माझा माणूस बाहेर काढा' म्हणणे म्हणजे काय, हे आपल्या घरकामगार बहिणींना विचारा. पगार, राहण्याची जागा, पोरांची शाळा, सगळे त्या फाटकाच्या आत अडकलेले असते. ती बाई गेली नसती तर सतरा वर्षांच्या मुलाचा गुन्हा एका पगारी माणसाच्या नावावर चढला असता की नाही, ह्याचा विचार करा. वर्तमानपत्रांत तिच्या वाट्याला एक ओळ आली.

रविवारच्या सिनेमाला आमच्याकडे एक मुलगी मागे भिंतीला टेकून बसली होती. तीही एकदा 'बंडखोर' ठरली होती. सतराव्या वर्षी दुसऱ्या जातीच्या वीस वर्षांच्या मुलावर प्रेम बसले. घरी मारहाण झाली, तिने घर सोडले. बापाने तक्रार केली. २०१२ च्या पोक्सो कायद्याने संमतीचे वय अठरा केले आहे. त्यामुळे मुलगा तुरुंगात गेला. मुलगी घरी परत जायला तयार होईना, म्हणून तिला एका संस्थेत ठेवले. सात महिने. बारावीची परीक्षा हुकली. घर सोडण्याआधी ती माझ्याकडे आली होती. मी तिला काय म्हणाले? "आठ महिने थांब, अठरा पूर्ण होऊ देत." कायदा मला माहीत होता. घरात रोज पट्ट्याचा मार खात आठ महिने कसे थांबायचे, ते मात्र मी सांगितले नाही. तेव्हा तिच्या बापाशी बोलायला मी जायला हवे होते, वस्तीतल्या बायकांना घेऊन जायला हवे होते. गेले नाही. ही माझी चूक मी इथे लिहून ठेवते.

चर्चेत तिने एकच वाक्य उच्चारले. "मला कुणी निबंध लिहायला सांगितला असता तर मी लिहिला असता, ताई. तीनशे नाही, तीन हजार शब्द." कोणी हसले नाही.

आता काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, म्हणजे त्या मुलाला प्रौढ धरून खटला चालवायला हवा होता ना? पोलिसांची तशी मागणी होती. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम १५ मध्ये सोळा ते अठरा वयाच्या मुलांबाबत, अत्यंत गंभीर गुन्ह्यांसाठी तशी तरतूद आहे. जुलै २०२५ मध्ये बालन्याय मंडळाने ती मागणी फेटाळली. ह्या बाबतीत मी लोकप्रिय बाजूला नाही. श्रीमंताच्या पोरावरच्या रागाने आपण जो दरवाजा रुंद करू, त्यातून उद्या आमच्या वस्तीतली पोरे ढकलली जातील. त्याच कायद्याचे कलम १२ सांगते की बालकाला जामीन हा नियम, नाकारणे हा अपवाद. तो नियम त्या मुलाला काही तासांत मिळाला, ह्यावर माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप असा, की मोबाइल चोरीच्या संशयावरून उचललेल्या आमच्या पोराला तोच नियम मिळायला आठवडे लागतात. वकील उशिरा मिळतो. आई तारखेला आली तर तिचा खाडा धरला जातो, आली नाही तर 'पालक बेजबाबदार' अशी नोंद होते. दया चुकीची नाही. ती पत्ता पाहून पोचते, हे चुकीचे आहे.

आणखी एक आठवण. त्याच वर्षी, ८ जुलै २०२४ च्या पहाटे, आमच्याच भागात, हॅरिस पुलाजवळ, गस्तीवर असलेल्या खडकी पोलीस ठाण्याच्या दोन पोलिसांना एका गाडीने उडवले. एक जागीच गेला. त्यात श्रीमंताचे पोर नव्हते, निबंध नव्हता. चार दिवसांत चर्चा संपली. मेलेल्याच्या घराकडे पाहण्यासाठी मारणाऱ्याची श्रीमंती लागते, अशी आपली सवय झाली आहे का?

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. पैशाच्या जोरावर वाटेल तसे वागणाऱ्या पोराला आपण बंडखोर म्हणणे बंद करू या. तो घरात शिकलेलेच करतो आहे. तो आज्ञाधारक आहे. बंड हा शब्द आपल्या चळवळीने फार किंमत देऊन मिळवला आहे. तो नाही म्हणणाऱ्या घरात राहून हो म्हणणाऱ्या मुलीसाठी राखून ठेवू या, आणि बंगल्याच्या फाटकाशी गेलेल्या त्या बाईसाठी.

काम काय करायचे? आम्ही खडकीत तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. एक, वस्तीतले कोणतेही मूल पोलिसांनी नेले तर त्याच दिवशी दोन बायका आईबरोबर जातील, आणि तारखेच्या दिवशी तिच्या कामावर दुसरी कोणी उभी राहील. दोन, घर सोडण्याच्या बेतात असलेली मुलगी आमच्याकडे आली तर तिला 'थांब' म्हणण्याआधी तिच्या घरी जायचे. तीन, बंगल्यावर काम करणाऱ्या बायकांनी आणि ड्रायव्हरांच्या घरच्यांनी एकमेकींचे नंबर जवळ ठेवायचे. मालकाने माणूस घरी पाठवला नाही तर फाटकाशी एकटी बाई जाणार नाही, दहाजणी जातील.

पुढच्या महिन्याचा सिनेमा अजून ठरलेला नाही. मावशींनी एक अट घातली आहे: जो कोणी मरेल त्याचे नाव, गाव आणि घरी कोण कोण आहे, हे त्यात सांगितलेले हवे. तुमच्या पाहण्यात असा सिनेमा असेल तर कळवा.