ओल्या चित्राला एक खोली

तैलरंगाला वाळायला वेळ लागतो. जवसाच्या तेलात कालवलेला रंग वरून सुकल्यासारखा दिसला, तरी आतून कितीतरी दिवस ओला असतो. थरांवर थर देत काम करायचं, तर पहिला थर नीट बसल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही. घाई केली तर पुढे चित्राला भेगा पडतात. म्हणून चित्रकाराला रंग, ब्रश आणि कॅनव्हास लागतात, तशीच एक भिंतही लागते. ओलं चित्र कुणाचा धक्का न लागता जिला टेकून उभं राहील, अशी भिंत.

गिरगावातल्या किंवा लालबागमधल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, ही भिंत आणायची कुठून? संध्याकाळी पानं मांडायची असतात, रात्री अंथरुणं घालायची असतात. मग चित्र उचलून बाहेर गॅलरीत ठेवायचं, तिथे शेजाऱ्यांचं येणंजाणं. टर्पेंटाइनच्या वासानं घरातल्यांचं डोकं उठतं. हळूहळू चित्रकार स्वतःच आवरतं घेतो. कॅनव्हास लहान होतो, तैलरंगाच्या जागी जलरंग येतात आणि सहा फुटांचं जे चित्र मनात असतं, ते मनातच राहतं. किती चित्रकारांची चित्रं अशी त्यांच्या खोलीच्या मापाची झाली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मुंबईत एकेकाळी या अडचणीवर उत्तर सापडलं होतं. वॉर्डन रोडला, ब्रीच कँडीपाशी, समुद्राला लागून भुलाभाई देसाई यांचा बंगला होता. १९४५ साली लाल किल्ल्यातल्या खटल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचा बचाव करणारे ते हेच वकील. वर्षभरात, १९४६ मध्ये, ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्यांच्या सूनबाई माधुरी देसाई आणि सोली बाटलीवाला यांनी तिची धुरा वाहिली. बंगल्यातल्या खोल्या चित्रकारांना, नाटकवाल्यांना, नर्तकांना, वादकांना कामासाठी मिळू लागल्या. भाडं नाममात्र होतं. दिवसाला एक रुपया, असं त्या काळचे लोक सांगत.

वासुदेव गायतोंडे तिथे काम करायचे. नागपुरात १९२४ साली जन्मलेले, मूळचे गोव्याचे आणि वाढलेले गिरगावातल्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली पदविका घेऊन ते बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या चित्रांत माणसं होती, पक्षी होते, रेषांचा खेळ होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हे सगळं गळून पडलं. उरला तो रंग आणि रंगाखालून उजळणारा रंग. रोलरनं, सुरीनं थर द्यायचा, कागदाच्या तुकड्यानं तो उचलायचा, पुन्हा थर द्यायचा आणि मधले दिवस नुसतं बघत बसायचं. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं. हा बदल खोलीमुळे झाला असं म्हणणं गायतोंड्यांवर अन्याय करणारं होईल. त्यामागे त्यांची स्वतःची साधना होती. पण नुसतं बघत बसायलाही जागा लागते. संध्याकाळी सगळं आवरून ठेवावं लागत असताना कुणी महिनाभर एकाच कॅनव्हासकडे पाहत बसू शकत नाही. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमनं २०१४ साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्याच्या नावातच चित्र काढण्याची प्रक्रिया आणि जगणं हे दोन्ही शब्द होते.

त्याच बंगल्यात प्रफुल्ला जोशी, म्हणजे पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर, चित्रं काढत. गोव्यात जन्मलेल्या, जे. जे.मधून १९५५ साली सुवर्णपदक घेऊन बाहेर पडलेल्या. गायतोंड्यांच्या बरोबर त्या एकाच स्टुडिओत काम करत आणि त्यांना गुरुस्थानी मानत. हुसेन होते, तय्यब मेहता होते. लंडनच्या कलाशाळेतून परतलेली नसरीन मोहमदी ही विशीतली मुलगीही तिथे आली. बाळ छाबडा यांनी १९५९ साली त्याच आवारात ‘गॅलरी ५९’ सुरू केली आणि १९६१ मध्ये नसरीनबाईंचं पहिलं एकल प्रदर्शन तिथेच भरलं. काम केलं एका खोलीत आणि मांडलं दोन पावलांवरच्या दुसऱ्या खोलीत. नवख्या चित्रकाराला याहून मोठा आधार काय असू शकतो? पुढे नसरीनबाई बडोद्यात शिकवू लागल्या, पेन्सिल आणि शाईच्या बारीक, सरळ रेषांपर्यंत पोचल्या आणि १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी देह ठेवला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१६ मध्ये आपली नवी शाखा उघडली, ती ज्या मोजक्या प्रदर्शनांनी, त्यांत त्यांचं प्रदर्शन होतं.

या वास्तूत चित्रकारांना शेजारही मिळाला. इब्राहिम अल्काझी तिथे नाटक शिकवत आणि विजया मेहता त्यांच्याकडे शिकत. पुढे विजयाबाईंनी, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू या मंडळींनी १९६० साली ‘रंगायन’ काढली, तिचे प्रयोगही याच संस्थेत होत. मराठी प्रायोगिक रंगभूमीची पहिली पावलं तिथे उमटली. पंडित रविशंकर यांनी १९६२ मध्ये ‘किन्नर’ ही संगीतशाळा सुरू केली, तीही तिथेच. एकाच छपराखाली सतार, तालीम आणि टर्पेंटाइनचा वास. अशा शेजारातून कोण काय घेऊन गेलं, हे कागदावर मांडून दाखवता येत नाही. ते त्यांच्या कामात पाहावं लागतं.

पुढे संस्था बंद पडली, बंगला गेला, त्या जागी उंच इमारत आली. रस्त्याला मात्र भुलाभाई देसाई यांचं नाव राहिलं. गायतोंडे १९७२ मध्ये दिल्लीला गेले आणि २००१ साली वारले.

गायतोंडे दिल्लीला गेल्यानंतर चार वर्षांनी, १९७६ साली, तिथे ललित कला अकादमीनं गढी गावातल्या जुन्या गढीत सामायिक स्टुडिओ सुरू केले. शिल्पकार शंखो चौधुरी यांचा त्यात पुढाकार होता. या गढीचं महत्त्व चित्रकारापेक्षाही छापचित्रकाराला आणि मातीकाम करणाऱ्याला अधिक कळतं. धातूच्या पत्र्यावर आम्लानं कोरून छाप घ्यायचा तर लोखंडी प्रेस लागतो. तो माणसांनी उचलून तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, आणि चढला तरी खालचे भाडेकरू तो राहू देत नाहीत. मातीची भांडी भाजायची तर भट्टी लागते आणि तिला तेवढी वीज किंवा इंधन लागतं. कॉलेजात असताना हे सगळं हाताशी असतं. पदवीच्या दुसऱ्या दिवशी ते हातातून सुटतं. आपल्या राज्यातल्या कला महाविद्यालयांतून छापचित्रण शिकून बाहेर पडलेली किती मुलं पाच वर्षांनी छापचित्रं काढत असतात, हे त्यांच्या शिक्षकांना विचारावं.

चेन्नईजवळच्या चोळमंडलची वाट वेगळी. के. सी. एस. पणिक्कर यांच्याबरोबरच्या चित्रकारांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू विकून पैसे जमवले आणि १९६६ साली समुद्रकाठी जमीन घेऊन वसाहत उभारली. सरकारची वाट पाहिली नाही. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. पण आज मुंबई-पुण्याजवळ जमिनीचा भाव पाहता तोच मार्ग धरा असं कुणा तरुणाला सांगणं बरं नव्हे.

चित्रकाराला कामाची खोली देण्याची गोष्ट ज्या कलादालनानं आपल्या नावातच कोरून ठेवली, ते आहे न्यूयॉर्कमध्ये, कृष्णवर्णीयांच्या हार्लेम या वस्तीत. ‘स्टुडिओ म्युझियम इन हार्लेम’. हे १९६८ साली एका दारूच्या दुकानावरच्या भाड्याच्या माळ्यावर सुरू झालं. चित्रकार विल्यम टी. विल्यम्स यांनी आग्रह धरला की इथे चित्रं टांगली जावीत आणि चित्रकारांनी इथे बसून कामही करावं. वस्तीतल्या लोकांना चित्रकार काम करताना दिसला पाहिजे. शिल्पकार मेल्विन एडवर्ड्स यांनी ती जागा कामाजोगी करायला हात लावला. तेव्हापासून हा उपक्रम चालू आहे. पुढे दरवर्षी साधारण तीन कलावंत निवडायचे, त्यांना जवळजवळ वर्षभरासाठी स्टुडिओ आणि खर्चाला पैसे द्यायचे आणि शेवटी त्यांच्या कामाचं प्रदर्शन त्याच म्युझियममध्ये भरवायचं, अशी रीत पडली. डेव्हिड हॅमन्स, केरी जेम्स मार्शल, सिमोन ली ही आज जगभर घेतली जाणारी नावं त्याच उपक्रमातून गेलेली आहेत.

केहिंदे वायली २००१-०२ मध्ये तिथे होते. एक दिवस रस्त्यावर त्यांना चुरगळलेला कागद सापडला. त्यावर पोलिसांनी काढलेला एका तरुण कृष्णवर्णीय माणसाचा फोटो होता आणि खाली त्याची माहिती. वायली त्या कागदापाशी अडकले. जुन्या युरोपीय चित्रांत सरदार-उमराव ऐटीत उभे असतात, ते स्वतःला हवे तसे उभे असतात. हा तरुण मात्र दुसऱ्यानं उभा केला तसा उभा होता. वायलींनी मग १२५व्या रस्त्यावर जाऊन चालत्या तरुणांना विचारायला सुरुवात केली की स्टुडिओत याल का, जुन्या चित्रांच्या पुस्तकातून आवडेल ती ऐट निवडून उभे राहाल का. पुढे २०१८ साली बराक ओबामांचं अधिकृत व्यक्तिचित्र त्यांनीच रंगवलं. खोली वस्तीच्या मधोमध नसती, तर तो कागद पायाशी आला नसता.

जॉर्डन कास्टील २०१५-१६ मध्ये त्याच उपक्रमात होत्या. त्या मूळच्या डेन्व्हरच्या. हार्लेमच्या फुटपाथवर बसणारे विक्रेते, दुकानासमोर खुर्ची टाकून बसलेली माणसं, त्यांच्याशी त्या बोलत, फोटो घेत आणि स्टुडिओत येऊन माणसाएवढी किंवा त्याहून मोठी चित्रं रंगवत. एका घराच्या कोपऱ्यात ही चित्रं झाली नसती. त्यांना मागे सरकून पाहायला दहा-पंधरा पावलं लागतात.

म्युझियमची जुनी इमारत २०१८ मध्ये बंद केली, नवी सात मजल्यांची इमारत २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये उघडली. एवढ्या वर्षांत इमारत बदलली, शहर बदललं, पण कलावंतांना स्टुडिओ देण्याची रीत टिकली. संस्था कशी टिकते, ते इथे दिसतं. भुलाभाई संस्था काही माणसांच्या मोठ्या मनावर उभी होती. ती माणसं आणि तो काळ सरला, तसा आधारही सरला. हार्लेममध्ये खोल्या संस्थेच्या कामाचाच भाग झाल्या.

महाराष्ट्रात कलादालनं नाहीत असं नाही. मुंबईत जहांगीर १९५२ पासून आहे आणि त्यानं कितीतरी चित्रकारांना पहिला प्रेक्षक दिला. तिथे तारीख मिळायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते, यावरूनच कामाची भूक कळते. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन आहे, प्रभादेवीला पु. ल. देशपांडे अकादमीचं आहे, कोल्हापुरात शाहू स्मारकाचं आहे. लहान शहरांतही नगरपालिकांनी दालनं बांधली आहेत. भाडं भरायचं, तीन दिवस किंवा आठवडाभर चित्रं लावायची, उतरवायची, टेम्पोत घालून घरी न्यायची आणि पलंगाखाली सरकवायची. चित्र दाखवायची सोय झाली, ती चांगलीच आहे. चित्र करायची सोय मात्र चित्रकारानं स्वतःची स्वतः पाहायची.

दिल्लीच्या ‘खोज’सारख्या संस्था १९९७ पासून कलावंतांना काही आठवडे राहायला आणि काम करायला बोलावतात. गोव्यात आणि मुंबईतही असे उपक्रम अधूनमधून होतात. पण त्यातले बरेचसे बाहेरून येणाऱ्यासाठी असतात. त्याला राहायला खोली, जेवण, प्रवासखर्च मिळतो. गावातच राहणाऱ्या चित्रकाराला यातलं काही नको असतं. त्याला घर आहे, जेवण आहे. बहुधा सकाळी शाळेत चित्रकला शिकवायची नोकरीही आहे. त्याला हवी असते एक किल्ली. दुपारी चारला दार उघडावं, कालचं चित्र कालच्याच जागी असावं आणि रात्री नऊला पुन्हा कुलूप लावावं.

बाईमाणसाला ही किल्ली अधिकच लागते. घरी बसून चित्र काढणाऱ्या बाईला दर अर्ध्या तासानं कुणी ना कुणी हाक मारतं, आणि ती उठते.

याला फार पैसा लागत नाही. बहुतेक सार्वजनिक कलादालनांच्या मागे एक खोली असतेच. तिथे मोडक्या खुर्च्या, जुने फलक, कधीच्या कार्यक्रमाचे हारांचे खोके पडलेले असतात. ती रिकामी करावी, एक मोरी आणि दोन चांगले दिवे द्यावेत, हवा खेळेल अशी खिडकी असावी. गावातले एक-दोन जण चार-सहा महिन्यांसाठी निवडावेत, आणि निवड करताना समितीत निदान दोघं स्वतः काम करणारे कलावंत असावेत. महिन्यातून एक दिवस दार सगळ्यांसाठी उघडं ठेवावं, म्हणजे शाळेतली मुलं येऊन चित्र अर्धवट असताना पाहतील. शेवटी पुढच्या दालनात आठवडाभर प्रदर्शन. आणि जागा दिली म्हणून चित्र संस्थेला भेट द्यावं, ही अट मुळीच घालू नये. जागेच्या मोबदल्यात चित्र घेतलं की ती मदत राहत नाही.

नगरपालिकांचं अंदाजपत्रक दरवर्षी ठरतं, त्याआधी नागरिकांच्या सूचनाही अनेक ठिकाणी मागवतात. ज्यांच्या गावात कलादालन आहे, त्यांनी एकदा मागच्या बाजूनं जाऊन ती बंद खोली पाहून यावी आणि आपल्या नगरसेवकाला एक पत्र लिहावं. खोलीचं माप, खिडक्या किती, पाणी आहे की नाही, हे पत्रात जरूर घालावं.